अदलाबदलीचा हिशेब : आयपीएलमधले ‘ट्रेड’, कुजबुज आणि चाहत्यांचा कौल

इंडियन प्रीमियर लीगमध्ये खेळाडू संघ बदलतो तो मुख्यतः दोन वाटांनी. एक वाट लिलावाची. संघ त्याला मुक्त करतो, भर सभागृहात त्याचे नाव पुकारले जाते आणि सर्वांत मोठी बोली लावणारा त्याला घेऊन जातो. दुसरी वाट दोन संघांनी आपापसांत ठरवलेल्या व्यवहाराची. तिला ड्रेसिंग रूमपासून पानटपरीपर्यंत सगळे ‘ट्रेड’च म्हणतात. लिलाव टीव्हीवर दिसतो, बोली कशी चढत गेली ते घरबसल्या कळते. ट्रेड बंद दाराआड होतो आणि लोकांच्या कानावर पडतो तेव्हा सह्या होऊन गेलेल्या असतात. म्हणून अफवा, तर्क आणि संताप यांना ऊत येतो तो ट्रेडच्या दिवसांत. त्या दिवसांतल्या चाहत्यांच्या मताला भावनेचा भर म्हणून बाजूला सारण्याची रीत पडली आहे. गेल्या सोळा-सतरा वर्षांतले व्यवहार एकामागून एक तपासले, तर या मताला स्वतःचे तर्कशास्त्र आहे आणि पुष्कळदा ते संघमालकांच्या तर्कापेक्षा दूरचे पाहते, असे दिसून येते.

लीगची घडणच व्यक्तिनिष्ठेवर झाली. २० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत पहिला लिलाव झाला. त्याआधीच पाच संघांना त्यांचा हक्काचा माणूस देऊन टाकलेला होता : मुंबईला सचिन तेंडुलकर, कोलकात्याला सौरव गांगुली, बंगळुरूला राहुल द्रविड, दिल्लीला वीरेंद्र सेहवाग आणि पंजाबला युवराज सिंग. या ‘आयकॉन’ खेळाडूंवर बोली लागायची नव्हती आणि त्यांना आपल्या संघातल्या सर्वांत महागड्या खेळाडूपेक्षा पंधरा टक्के अधिक मानधन मिळायचे होते. ज्या संघाला ना इतिहास होता ना जुना चषक, त्याच्याशी लोकांचे नाते एका माणसामार्फत जोडले गेले. चेन्नईकडे आयकॉन नव्हता. त्यांनी महेंद्रसिंग धोनीला पंधरा लाख डॉलरला घेतले आणि तोच पुढे त्या शहराचा झाला. पुढे २०११, २०१४, २०१८, २०२२ आणि २०२५ च्या मोसमांपूर्वी मोठे लिलाव झाले, दर वेळी संघ जवळपास मोडून नव्याने बांधले गेले. अकरातले सात-आठ चेहरे बदलत असताना चाहत्याने धरून राहायचे कशाला? उरलेल्या तीन-चार माणसांना. त्यांतला एखादा गेला की होणारी कळ मग मोठी असते.

पहिले ट्रेड मात्र सुखाने पार पडले. २००९ च्या मोसमाआधी मुंबईने रॉबिन उथप्पाला बंगळुरूकडे दिले आणि तिकडून झहीर खान घेतला. उथप्पा कर्नाटकाचा. झहीर मूळचा श्रीरामपूरचा आणि रणजीत मुंबईकडून खेळणारा. दोघेही आपापल्या गावी परतले आणि दोन्ही शहरे खूश झाली. त्याच वर्षी आशिष नेहरा मुंबईहून दिल्लीला गेला आणि शिखर धवन दिल्लीहून मुंबईला आला. नियमांची धार लोकांना कळली ती पुढच्या वर्षी. राजस्थानशी करार न करता दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केल्याचा ठपका ठेवून रवींद्र जडेजाला २०१० चा संपूर्ण मोसम बाहेर बसवण्यात आले. खेळाडूने स्वतःसाठी बाजार शोधायचा नाही, बोलायचे ते संघांनी, हा दंडक तेव्हापासून पक्का झाला.

आजचे नियम थोडक्यात असे. मोसम संपल्यावर खिडकी उघडते, लिलावाच्या काही दिवस आधी बंद होते आणि लिलावानंतर काही काळ पुन्हा उघडते. ताज्या लिलावात घेतलेला खेळाडू त्याच मोसमासाठी ट्रेड करता येत नाही. व्यवहार खेळाडूच्या बदल्यात खेळाडू असा होतो किंवा निव्वळ रोखीचा. दोन्ही संघांची संमती लागते, क्रिकेट मंडळाची मंजुरी लागते आणि खेळाडूचा होकारही लागतो. शेवटच्या अटीचे मोल अमेरिकेकडे पाहिले की कळते. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसच्या बास्केटबॉल संघाने लुका डोंचिचला लॉस एंजेलिसला देऊन टाकले तेव्हा त्याला स्वतःला त्याची कुणकुण नव्हती, आणि डॅलसचे चाहते स्टेडियमबाहेर निषेधाला उभे राहिले. आयपीएलमध्ये असे घडू शकत नाही. पण रोखीच्या व्यवहारात आणखी एक रक्कम असते, एका संघाने दुसऱ्याला द्यायचे हस्तांतर शुल्क. ते लिलावाच्या पर्समधून वजा होत नाही, खेळाडूलाही त्यातला वाटा मिळू शकतो आणि ते जाहीर करण्याचे बंधन कोणावरही नाही. लिलावातली तीस लाखांची बोलीसुद्धा जगजाहीर होते, मग कोट्यवधींचे हे शुल्क गुप्त का ठेवायचे? याला पटेल असे उत्तर मंडळाकडून मिळालेले नाही. पर्सची मर्यादा सर्व संघांना समान संधी मिळावी म्हणून घातली आहे. तिच्या बाहेरून किती पैसा फिरतो हेच दिसत नसेल, तर समानता तपासणार कशी? चाहत्यांच्या तक्रारींतली ही सर्वांत रास्त तक्रार आहे.

आता व्यवहारांचे मोजमाप. ट्रेड चांगला की वाईट हे निकालावरून ठरवण्याची घाई सगळेच करतात, आणि ट्रेंट बोल्टचा व्यवहार त्या घाईला चांगला उतारा आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये दिल्लीने बोल्ट मुंबईला दिला. पुढच्या मोसमात त्याने मुंबईसाठी २५ बळी घेतले. १० नोव्हेंबर २०२० च्या दुबईतल्या अंतिम सामन्यात समोर नेमकी दिल्लीच होती आणि बोल्टने सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर मार्कस स्टॉइनिसला बाद केले. ३० धावांत ३ बळी घेऊन तो सामनावीर ठरला आणि मुंबईने पाचवा चषक उचलला. हाताने शस्त्र देऊन बसले, असे दिल्लीला लोक म्हणाले. पण नोव्हेंबर २०१९ मध्ये दिल्लीसमोर काय होते? अकरात परदेशी खेळाडू चारच खेळवता येतात आणि त्यांच्याकडे कगिसो रबाडा आधीच होता. पुढच्या मोसमात रबाडाने ३० बळी घेऊन सर्वाधिक बळींची पर्पल कॅप मिळवली, जोडीला एन्रिक नॉर्कियाने २२ घेतले. म्हणजे बोल्टवाचून दिल्लीची गोलंदाजी अडली नव्हती, संघ पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोहोचला होता. मुंबईच्या बाजूने लसिथ मलिंगाने त्या मोसमातून माघार घेतली आणि बोल्टची गरज व्यवहाराच्या वेळी वाटली त्याहून मोठी झाली. व्यवहार दिल्लीच्या बाजूनेही समंजस होता. चूक होती ती एकच : नव्या चेंडूवरचा इतका घातक डावखुरा गोलंदाज त्यांनी थेट विजेत्या संघाच्या हाती दिला. चाहत्यांनी बोट ठेवले ते नेमके यावर, आणि ते बरोबर होते.

दुसरे उदाहरण धवनचे. २०१९ च्या मोसमाआधी हैदराबादने त्याला दिल्लीला परत दिले आणि बदल्यात विजय शंकर, शाहबाज नदीम आणि अभिषेक शर्मा असे तिघे घेतले. दिल्लीकरांनी घरचा माणूस आला म्हणून स्वागत केले. धवनने २०२० मध्ये ६१८ धावा केल्या, त्यांत लागोपाठच्या डावांत दोन शतके होती. तिघांतले पहिले दोघे लवकरच विस्मरणात गेले. अठरा वर्षांचा अभिषेक मात्र राहिला, आणि २०२४ मध्ये दोनशेहून अधिक स्ट्राइक रेटने ४८४ धावा करून त्याने हैदराबादला अंतिम फेरीपर्यंत नेण्यात मोठा हात लावला. एप्रिल २०२५ मध्ये पंजाबविरुद्ध त्याने ५५ चेंडूंत १४१ फटकावल्या. व्यवहाराच्या दिवशी यादीतले तिसरे नाव कोणी नीट वाचलेही नव्हते. ट्रेडचा निकाल पुष्कळदा पाच वर्षांनी लागतो आणि तोही सर्वांत स्वस्त खेळाडूमुळे, ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या पंडितांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

अजिंक्य रहाणेच्या ट्रेडमध्येही तेच झाले. बोल्टच्याच खिडकीत रहाणे राजस्थानहून दिल्लीला गेला आणि बदल्यात मयंक मार्कंडे व राहुल तेवतिया राजस्थानला मिळाले. दिल्लीत रहाणेला नियमित जागा सापडली नाही. तेवतियाने २७ सप्टेंबर २०२० रोजी शारजात पंजाबच्या शेल्डन कॉट्रेलला एका षटकात पाच षटकार मारले.

खेळाडूचे मोल आणि त्याचे स्थान या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. २०११ च्या लिलावात कोलकात्याने गांगुलीवर बोली लावली नाही, इतर कोणीही लावली नाही. ‘नो दादा, नो केकेआर’ ही घोषणा तेव्हा शहरभर गाजली. कोलकात्याने त्याच लिलावात २४ लाख डॉलर मोजून गौतम गंभीरला कर्णधार म्हणून घेतले आणि २०१२ मध्ये पहिला चषक जिंकला. गांगुली तोवर पुणे वॉरियर्सचा कर्णधार झाला होता. ५ मे २०१२ रोजी तो पुण्याचा संघ घेऊन ईडन गार्डन्सवर उतरला तेव्हा मैदान दोन निष्ठांत विभागले गेले. कोलकात्याने सामना सात धावांनी जिंकला. संघाचा निर्णय खेळाच्या दृष्टीने योग्य ठरला यात वाद नाही. लोकांचा राग चुकीचा होता, असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. त्यांचे म्हणणे चषकाबद्दल नव्हतेच, ते निरोपाच्या रीतीबद्दल होते. ज्याच्या चेहऱ्यावर तीन वर्षे तिकिटे विकली, त्याला मानाने निरोप मिळायला हवा होता.

असाच अनुभव पुढे पुण्यानेही घेतला. चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षांसाठी निलंबित असताना उभ्या राहिलेल्या पुण्याच्या दुसऱ्या संघाने २०१७ च्या मोसमाआधी धोनीचे कर्णधारपद काढून स्टीव्ह स्मिथकडे दिले. तो संघ अंतिम फेरीत गेला आणि हैदराबादला मुंबईकडून एका धावेने हरला. तरी त्या मोसमाची आठवण निघाली की पुणेकर आधी धोनीबद्दल बोलतात, कारण त्या संघाशी बांधिलकी जडायला दोनच वर्षे मिळाली, धोनीशी ती आधीपासून होती.

या सगळ्याची परिसीमा हार्दिक पंड्याच्या व्यवहारात झाली. हार्दिकला २०१५ मध्ये दहा लाखांत घेऊन मुंबईनेच घडवले होते. २०२२ च्या मोठ्या लिलावाआधी चारच खेळाडू राखता येत असल्याने मुंबईने रोहित शर्मा, जसप्रीत बुमरा, सूर्यकुमार यादव आणि कायरन पोलार्ड यांना ठेवले. हार्दिक गुजरातचा कर्णधार झाला, पहिल्याच वर्षी चषक जिंकला आणि दुसऱ्या वर्षी अंतिम फेरी गाठली. २६ नोव्हेंबर २०२३ या राखलेल्या खेळाडूंच्या याद्या जाहीर होण्याच्या दिवशी गुजरातच्या यादीत त्याचे नाव होते, आणि त्यानंतर काही तासांत तो रोखीच्या व्यवहाराने मुंबईत आला. त्याचे मानधन १५ कोटी होते. त्यासाठी जागा व्हावी म्हणून मुंबईने कॅमेरून ग्रीनला साडेसतरा कोटींच्या मानधनासह बंगळुरूला दिले. १५ डिसेंबरला मुंबईने हार्दिकला कर्णधार जाहीर केले. २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० असे पाच चषक जिंकून देणाऱ्या रोहितचे नेतृत्व एका पत्रकाने संपले.

येथे दोन निर्णय झाले होते, आणि ते वेगळे पाहायला हवेत. खेळाडू म्हणून हार्दिकला आणणे बिनचूक होते. वेगवान गोलंदाजी करणारा भारतीय अष्टपैलू देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतका असतो, आणि ग्रीनऐवजी तो आला की परदेशी खेळाडूची एक जागा मोकळी होते. २०२३ पासून आलेल्या, सामन्यात बदली खेळाडू उतरवू देणाऱ्या ‘इम्पॅक्ट प्लेअर’ नियमाने अष्टपैलूंची गरज काहीशी कमी केली असली, तरी हार्दिकसारखा खेळाडू कोणताही संघ सोडणार नाही. रोहित छत्तिशीत होता, पुढचा कर्णधार केव्हा ना केव्हा नेमावाच लागणार होता. चुकली ती दुसऱ्या निर्णयाची पद्धत. संघाबाहेरून परतलेल्याला तीन आठवड्यांच्या आत नेतृत्व मिळाले, बुमरा आणि सूर्यकुमार हे संघात आधीपासून असलेले दोन दावेदार मागे राहिले, आणि लोकांना तयारीसाठी एक मोसमही मिळाला नाही. रोहितने आणखी एक वर्ष नेतृत्व करून स्वतःच्या हाताने सूत्रे सोपवली असती तर जे टळले असते, ते सगळे २०२४ च्या उन्हाळ्यात घडले.

आधी अहमदाबादेत प्रेक्षकांनी हार्दिकची हुर्यो उडवली. ते समजण्यासारखे होते, तो त्यांना सोडून आला होता. १ एप्रिलला वानखेडेवर राजस्थानविरुद्ध घरच्या प्रेक्षकांनीही तेच केले, आणि नाणेफेकीच्या वेळी समालोचक संजय मांजरेकरांना लोकांना नीट वागा असे सांगावे लागले. त्याच संध्याकाळी तेव्हा राजस्थानकडून खेळणाऱ्या बोल्टने रोहित, नमन धीर आणि डेवाल्ड ब्रेव्हिस यांना पहिल्याच चेंडूवर बाद केले. मोसमात मुंबई १४ पैकी चारच सामने जिंकली आणि तळाला राहिली. गुजरात आठवे आले. एका व्यवहाराने दोन्ही संघांचे त्या वर्षापुरते नुकसान केले.

वानखेडेवरच्या त्या संध्याकाळी मर्यादा सुटली, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. निर्णय संघव्यवस्थापनाचा होता आणि शिक्षा खेळाडूला झाली. पण तीन महिन्यांनी जे घडले तेही त्याच लोकांनी केले. २९ जून २०२४ ला ब्रिजटाउनमध्ये ट्वेंटी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला २४ चेंडूंत २६ धावा हव्या असताना हार्दिकने हाइनरिक क्लासेनला बाद केले आणि शेवटच्या षटकात १६ धावा वाचवल्या. डेव्हिड मिलरचा झेल सीमेवर सूर्यकुमारने घेतला, कर्णधार रोहित होता. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवरून मिरवणूक वानखेडेवर पोहोचली तेव्हा स्टेडियम हार्दिकच्या नावाने घुमत होते. लोकांचे भांडण त्या मुलाशी नव्हते, हे त्या दिवशी उघड झाले. पुढच्या लिलावाआधी मुंबईने बुमराला १८ कोटी, सूर्यकुमार आणि हार्दिकला प्रत्येकी १६.३५ कोटी, रोहितला १६.३० कोटी आणि तिलक वर्माला ८ कोटी देऊन पाचही जणांना राखले. २०२५ मध्ये संघ क्वालिफायर-२ पर्यंत गेला, आणि लिलावातून साडेबारा कोटींना परत आलेला बोल्ट त्यात होता.

राखण्यापेक्षा सोडण्याच्या निर्णयांत चाहत्यांची नजर अधिक नेमकी असते. बंगळुरूने युजवेंद्र चहलला २०२२ आधी जाऊ दिले तेव्हा चिन्नास्वामीच्या छोट्या मैदानावर टिकणारा लेगस्पिनर पुन्हा कुठून आणणार, असे तिथला प्रत्येक पाठीराखा विचारत होता. राजस्थानने साडेसहा कोटींत घेतलेल्या चहलने त्या मोसमात २७ बळी घेऊन पर्पल कॅप मिळवली. याहून ठळक उदाहरण मुंबईकर श्रेयस अय्यरचे. २०२० मध्ये त्याने दिल्लीला अंतिम फेरीत नेले, २०२४ मध्ये कोलकात्याला चषक मिळवून दिला, आणि सहा महिन्यांत कोलकात्याने त्याला मोकळे केले. जेद्दाहच्या लिलावात पंजाबने २६.७५ कोटी मोजले. २०२५ मध्ये त्याने पंजाबला अंतिम फेरीत नेले, तिथे बंगळुरूने सहा धावांनी जिंकून आपला पहिला चषक मिळवला. रहाणेच्या हाती सूत्रे दिलेले कोलकाता आठवे राहिले. मानधनावर एकमत झाले नसेल, ते संघाच्या बाजूने समजून घेता येते. चषक जिंकणारा कर्णधार पैशाच्या घासाघिशीत गमावू नये, हे सांगायला मात्र आकडेशास्त्र लागत नाही.

अफवांना जीव मिळतो तो या अशा धक्क्यांतून. एकदा हार्दिकसारखा व्यवहार यादी जाहीर झाल्यावर झाला, की पुढची कोणतीही कुजबुज अशक्य वाटत नाही. रोहितला लखनौ ५० कोटी देणार, ही आवई २०२४ मध्ये इतकी पसरली की लखनौचे मालक संजीव गोएंका यांना ती फेटाळावी लागली. २०२५ च्या ऑक्टोबरात रोहित कोलकात्याला जाणार अशी हवा झाली तेव्हा मुंबईने समाजमाध्यमांवर ते अशक्य असल्याचे जाहीर केले. दोन्ही अफवा खोट्या निघाल्या. पण त्याच वर्षीच्या उन्हाळ्यापासून चालू असलेली संजू सॅमसन राजस्थान सोडणार ही चर्चा खरी ठरली : १५ नोव्हेंबर २०२५ ला तो १८ कोटींवर चेन्नईला गेला आणि बदल्यात जडेजा व सॅम करन राजस्थानला आले. जडेजाचे मानधन १८ वरून १४ कोटींवर आले. ज्या संघाकडून तो २००८ चा पहिला चषक जिंकला होता आणि ज्याच्याशी करार न केल्यावरून २०१० ची बंदी ओढवली होती, त्याच संघात तो परतला. चेन्नईकरांना २०२३ च्या अंतिम सामन्यात शेवटच्या दोन चेंडूंवर दहा धावा काढणारा जडेजा द्यावा लागला, याचे दुःख झाले. पण धोनीनंतरच्या यष्टिरक्षकाचा प्रश्न सुटल्याचे समाधानही त्यांनी बोलून दाखवले. आधी महिनोन्महिने चर्चा झाली असल्याने या व्यवहाराचा धक्का हार्दिकच्या तुलनेत सौम्य होता. त्याच आठवड्यात शार्दूल ठाकूर लखनौहून मुंबईला आणि अर्जुन तेंडुलकर मुंबईहून लखनौला गेला. शार्दूल पालघरचा आणि त्या वेळी रणजीतला मुंबईचा कर्णधार. त्याच्या येण्याला मुंबईत कोणाची हरकत असण्याचे कारणच नव्हते.

संघ बदलण्याची आयपीएलमधली ही सवय आता राज्यांच्या क्रिकेटमध्येही उतरली आहे. तिथे ट्रेड नाही, ‘ना हरकत’ प्रमाणपत्र असते. वसीम जाफर आणि प्रशिक्षक चंद्रकांत पंडित हे मुंबईचे दोघे विदर्भाकडे गेल्यावर विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असे लागोपाठ दोन रणजी करंडक जिंकले. २०२४-२५ च्या तिसऱ्या करंडकात कर्नाटकातून आलेल्या करुण नायरच्या ८६३ धावा होत्या, आणि तो पुढच्या मोसमात कर्नाटकाकडे परतलाही. अर्जुन तेंडुलकर २०२२ मध्ये गोव्याकडे गेला. पृथ्वी शॉ २०२५ मध्ये मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आला आणि चंडीगडविरुद्ध द्विशतक करून त्याने नव्या संघातली जागा पक्की केली. एप्रिल २०२५ मध्ये यशस्वी जयस्वालने गोव्याकडे जाण्यासाठी मुंबई क्रिकेट संघटनेकडे प्रमाणपत्र मागितले तेव्हा सूर्यकुमारही जाणार अशी बातमी उठली. त्याने ती तत्काळ नाकारली. आझाद मैदानावर वाढलेला जयस्वाल जातो म्हटल्यावर मुंबईच्या मैदानांवर हळहळ झाली, गोव्यात मात्र उत्साह होता, आणि तो योग्यच होता, कारण छोट्या संघटनांना मोठा फलंदाज मिळण्याची वाट तीच. महिनाभरातच जयस्वालने आपला अर्ज मागे घेत असल्याचे संघटनेला कळवले. संघटनेने ते मान्य केले आणि तो मुंबईकडूनच खेळत राहिला.